उतरव

शेवटची दीड वर्षं माझा थोरला भाऊ संगणकातून बोलत होता. आवाज त्याचाच होता. आजार कळला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं की आधी हातपाय जातील, मग बोलणं जाईल, डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत राहील. "म्हणजे सगळं नीट बघायला मिळेल," दादा म्हणाला. डॉक्टर हसले नाहीत.

दादाने लग्न केलं नव्हतं. सॉफ्टवेअरच्या नोकरीत तो बरंच फिरला, दोन हजार सालासाठी संगणकांतल्या तारखा दुरुस्त करायला परदेशात राहून आला, आणि त्या लाटेतल्या पुष्कळ जणांसारखा एक दिवस नोकरी गमावून परतला. त्यानंतर तो कात्रजला आमच्याकडेच राहिला. मी एका कारखान्यात खर्च विभागात होतो. आम्हाला मूलबाळ नाही. घरात आम्ही दोघं नवरा-बायको आणि तो.

आजार कळल्यावर त्याने रडारड केली नाही. रोज सकाळी खोलीचं दार लावून तो शब्द बोलत बसे. कानावर हेडफोन, तोंडापुढे छोटा माइक, आणि एकेक शब्द वेगळा: पाणी. पाठ. खाज. डावा. उजवा. परवा. दारापुढून दुधाचा टँकर गेला की तो थांबायचा आणि तोच शब्द पुन्हा म्हणायचा. मागे प्राणिसंग्रहालय असल्याने मोर ओरडत. ते मात्र त्याला अडवता येत नसत, त्यामुळे काही शब्दांच्या मागे मोर राहून गेले. पुढे 'डाळ' म्हटलं की मोर ओरडायचा.

असे अकराशेच्या वर शब्द त्याने साठवले. कोणते शब्द लागतील याचा अंदाज त्याने स्वतःच बांधला. त्यात 'वा, छान' होतं, खास तिरकस सुरातलं. 'कारकून' होतं, ते माझ्यासाठी. 'कृपया' नव्हतं. हिने विचारलं तेव्हा म्हणाला, "अगं, कृपया म्हणायला लागेपर्यंत मी टिकणार नाही."

मग त्याने प्रोग्रॅम लिहिला. पडद्यावर शब्दांच्या ओळी, ओळीवरून सरकणारी एक उजळ पट्टी. हवा तो शब्द आला की बोटाखालचं बटण दाबायचं, आणि त्याच्या आवाजात तो शब्द ऐकू यायचा. बटणाची तार त्याने पलंगापासून आणि खुर्चीपासून माझ्याकडून मोजून घेतली आणि तेवढीच ठेवली. जास्त ठेवू म्हटलं तर म्हणाला, "जास्तीची तार पायात येते. तुझ्याच."

हे सगळं लिनक्सवर होतं. चोरीचं सॉफ्टवेअर वापरायचं नाही आणि विकतचं परवडत नाही, असा त्याचा साधा हिशेब होता. मलाही त्याने थोडंफार शिकवलं होतं. पहिल्याच दिवशी मी फ्लॉपी घातली आणि काम झाल्यावर खेचून काढली, तर तो किंचाळला होता. "अरे, आधी उतरव तिला! ही घातली की चढवायची असते आणि काढायच्या आधी उतरवायची असते. चढलेली असताना ओढलीस तर आत लिहिणं अर्धवट राहतं." तेव्हापासून आमच्या घरात फ्लॉपी चढायची आणि उतरायची. ही म्हणायची, "तुमची देवी एकदाची उतरली का? मग जेवायला बसा."

बोलणं गेलं तेव्हा शब्दांची ती पेटीच त्याची वाचा झाली. मानेखाली उजव्या हाताचं एक बोट उरलं होतं. 'हो' म्हणजे डोळे वर, 'नाही' म्हणजे डोळे मिटणं, एवढं डोळ्यांचं होतं. बाकी सगळं बोटाचं.

सगळ्यात जास्त लागायचा तो शब्द 'उतरव'. मला उतरव, म्हणजे पलंगावरून खुर्चीत घे. या कामाला आम्ही दोघं लागत होतो. चादरीला दोन बाजूंनी धरायचं, मान तिसऱ्या हाताने सांभाळायची. तिसरा हात म्हणजे माझी हनुवटी. अर्धा तास जायचा.

पावसाळा संपता संपता डिस्क वाजायला लागली.

आधी टक असा एकच आवाज. मग टक टक, आणि पट्टी सरकायची थांबायची. दादाचं वाक्य मध्येच तुटायचं. "पाठ" म्हणायचा आणि "खाजवा" यायला मिनिट लागायचं. त्याने एका सकाळी पडद्यावरच्या अक्षरांच्या पाटीवरून एकेक अक्षर निवडून मला सांगितलं: डिस्क मरते आहे.

त्याने आधी काळजी घेतली नव्हती असं नाही. सगळं दोन सीड्यांवर साठवून कपाटात ठेवलेलं होतं. मी त्या काढल्या. एका सीडीवर बुरशीसारखे ठिपके पडले होते आणि कडेचा चंदेरी थर पापुद्र्यासारखा सुटला होता. ती वाचलीच गेली नाही. दुसरीवर प्रोग्रॅम होता. आवाज पहिलीवर होते.

म्हणजे तो आवाज जगात एकाच ठिकाणी होता, आणि ते ठिकाण टक टक करत होतं.

मी तपकीर गल्लीत जाऊन नवी डिस्क आणली. दुकानदाराला म्हटलं, जुनी वीस जीबीची आहे, तेवढीच द्या. तो म्हणाला, "काका, वीसची आता म्युझियममध्ये बघा. चाळीसची घ्या आणि मोकळे व्हा." ते बरंच झालं, हे नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी बुधवार होता. गुरुवारी, दर आठवड्यासारखी, दिवसभर वीज जाणार. आमच्याकडचा यूपीएस दहा मिनिटं कसाबसा तग धरे. बंद पडलेली डिस्क थंड होऊन पुन्हा सुरू होईलच याची खात्री दादाला नव्हती. म्हणून बुधवारीच करायचं ठरलं. मी रजा घेतली.

अडचण अशी होती: हे काम कसं करायचं ते फक्त दादाला माहीत होतं, आणि काम सुरू करायला दादाचं तोंड बंद करावं लागणार होतं. चालू संगणकाची नक्कल करायची नाही, हे त्याने मला आजाराआधीच सांगून ठेवलं होतं. चालू असताना तो स्वतःच सतत काहीतरी लिहीत असतो, त्यामुळे उतरवलेली प्रत सुरुवातीला एका वेळची आणि शेवटी दुसऱ्या वेळची होते. संगणक बंद करायचा, सीडीवरून चालणारं वेगळं लिनक्स सुरू करायचं, आणि दोन्ही डिस्क झोपलेल्या असताना एकीवरून दुसरीवर सगळं घ्यायचं.

तर बंद करायच्या आधी त्याने सगळं सांगायचं आणि मी ऐकून घ्यायचं. सकाळपासून तो सांगत होता. आज्ञेची ओळ त्याने अक्षरं निवडून लिहिली, ती मी कागदावर घेतली. त्यात जुन्या डिस्कचं नाव एचडीए आणि नवीचं एचडीबी. शेवटच्या एका अक्षराचा फरक. ते उलटं झालं तर कोरी डिस्क जुनीवर उतरणार आणि दादाचा आवाज कायमचा पुसला जाणार. मी ती ओळ दोनदा वाचून दाखवली. दोन्ही वेळा त्याने डोळे वर केले.

मग डिस्क फारच वाजायला लागली. अक्षरांना वेळ लागतो, म्हणून तो शब्दांवर आला. त्याच्याकडे होते तेवढ्याच शब्दांवर.

"बंद. नवी. लाव. सीडी. थंड. उतरव. उतरव."

एवढं झालं आणि पट्टी थांबली. मी काही मिनिटं वाट पाहिली. पट्टी हलेना, म्हणून संगणक बंद केला.

'थंड' मला कळलं. डिस्क तापायच्या आत काम उरकायचं. दोनदा 'उतरव' का, याचा मी विचार केला नाही. त्याचं बोट मधूनच थरथरे आणि बटण दोनदा दाबलं जाई. "पाणी पाणी", "नको नको" हे आमच्या सवयीचं होतं.

मी संगणकाची पेटी उघडली, नवी डिस्क जोडली, सीडीवरून संगणक सुरू केला. पडद्यावर दोन्ही डिस्कची चित्रं आली. एकीखाली वीस, दुसरीखाली चाळीस. जुनी कोणती आणि नवी कोणती हा प्रश्न आकड्यांनीच सोडवला. दोन्ही वीसच्या असत्या तर मला घाम फुटला असता. तरी खात्री म्हणून मी जुनीच्या चित्रावर टिचकी मारून ती उघडली. आत आवाजांच्या फायली ओळीने दिसल्या. पाणी, पाठ, खाज. मला बरं वाटलं.

तेवढ्यात ही दारातून म्हणाली, "अहो, त्यांना उतरायचंय ना? दोनदा म्हणाले ते. आधी त्यांना घेऊ या, मग बसा तुमच्या डबड्याशी."

मला ते पटलं. त्या घरात 'उतरव' म्हणजे तेच होतं. आम्ही चादर धरली. त्या दिवशी त्याचा डावा पाय आखडलेला होता, गळ्याला बसवलेल्या नळीत कफ होता, तो ओढून काढावा लागला. खुर्चीत टेकवेपर्यंत तो घामाघूम झाला आणि आम्हीही. मागे डिस्क फिरतच होती. टक, आणि बऱ्याच वेळाने टक.

त्याने डोळे मिटून घेतले होते.

"दुखतंय का रे?" मी विचारलं.

डोळे उघडले आणि मिटले. नाही.

"पाणी?"

नाही.

"परत वर घ्यायचं का विचारा," ही म्हणाली.

"वर घेऊ?"

डोळे मिटले आणि बराच वेळ तसेच राहिले. नेहमीच्या 'नाही'पेक्षा लांब. त्याचा अर्थ काय ते मला लहानपणापासून माहीत होतं. बोलता येत होतं तेव्हा तो अशा वेळी माझ्या डोक्यात टपली मारायचा.

"डिस्कबद्दल सांगतोयस?"

डोळे वर गेले.

"ए वरून बी वर. बरोबर आहे ना?"

वर.

"मग करू सुरू?"

मिटले.

"उतरव म्हणजे उतरवून घे. कॉपी. हो ना?"

डोळे वर गेले, आणि लगेच मिटले.

"आता हे काय," मी म्हटलं. "हो की नाही?"

पुन्हा तसंच. वर, आणि मिटले. मी संगणकाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता आणि तो पुसायला सांगायचीही सोय नव्हती. हिने पदराने पुसला.

"अहो, दोनदा म्हणाले होते ना?" ही म्हणाली. "मग दोन असतील. एक हो आणि एक दुसरंच काहीतरी."

तेव्हा मला फ्लॉपी आठवली.

"चढलीय," मी म्हटलं. "मी उघडून बघितली, म्हणजे डिस्क चढलीय. आधी ती उतरवायची. मग उतरवून घ्यायची."

त्याने डोळे वर केले आणि पाणी येईपर्यंत खाली आणले नाहीत.

मी उघडून बघणार हे त्याने धरूनच ठेवलं होतं. सगळी तयारी झाली तरी एकदा आत डोकावल्याशिवाय हा पुढे जाणार नाही, हे त्याला ठाऊक होतं, म्हणून पहिलं 'उतरव'. त्यासाठी त्याच्याकडे तो एकच शब्द होता. स्वतःसाठी म्हणून रेकॉर्ड केलेला.

"वा, छान," ही त्याच्याच सुरात म्हणाली. "यांनी एका शब्दात तीन कामं कोंबली आणि आपण कुणाला उचललं तर यांनाच."

त्याचे ओठ हलत नसत. पण छातीतून एक वेगळा श्वास आला. हसला असावा.

मी डिस्क उतरवली. आज्ञेची ओळ टाइप केली, कागदाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिली, ए आणि बी मोठ्याने म्हटलं. त्याने डोळे वर केले. मग मी बटण दाबलं.

दुपारभर ते चाललं. मधूनमधून पडद्यावर चूक दाखवणारी ओळ उमटे आणि डिस्क खरवडल्यासारखी वाजे. जिथे वाचता येणार नाही तिथे शून्य भरून पुढे जा, असं आज्ञेच्या ओळीत दादाने लिहिलं होतं. म्हणजे चुकीच्या प्रत्येक सूचनेमागे काहीतरी कायमचं गेलं, आणि काय गेलं ते त्या वेळी कळायची सोय नव्हती. सुरुवातीला चुका विरळ होत्या. डिस्क हाताला गरम लागू लागली तशा वाढल्या. तिच्यावर पंखा रोखून धरला. दादाला खुर्चीत घेताना तो जो अर्धा-पाऊण तास ती उगाच फिरत राहिली, त्याने किती बिघडलं? मी पुष्कळदा हा हिशेब मांडायला बसलो आहे. एका बाजूला आकडाच नाही, त्यामुळे तो सुटत नाही.

ते संपल्यावर मी जुनी डिस्क काढून बाजूला ठेवली. हेही त्याचंच शिकवणं. दोन्ही लावलेल्या असताना कोण चालतंय ते कळत नाही. जुनी हातात घेतल्याशिवाय नवी चालली असं म्हणायचं नाही. नवी तिच्या जागी लावून संगणक सुरू केला. संगणकाने आतली मोडतोड तपासायला बराच वेळ घेतला. मग पट्टी सरकायला लागली.

आम्ही बटण दादाच्या बोटाखाली ठेवलं. त्याचा पहिला शब्द आला.

"कारकून."

ही हसली आणि मग स्वयंपाकघरात निघून गेली. तिथे नळ बराच वेळ चालू होता.

पुढचे दोन-तीन दिवस तो एकेक शब्द तपासत होता. बरेचसे ठीक होते. काहींच्या मध्ये खरखर होती. त्रेचाळीस शब्द उघडलेच नाहीत. त्यांच्यात काही सूत्र नव्हतं. 'इडली' गेली, 'परवा' गेला, 'डावा' गेला आणि 'उजवा' राहिला. 'डाळ' राहिली, मोरासकट.

आणि 'मला' गेलं.

हे लक्षात यायला वेळ लागला नाही. तो "मला पाणी" म्हणायचा, आता नुसतं "पाणी" म्हणू लागला. "मला उतरव" चं "उतरव" झालं. शेजारचे एक गृहस्थ भेटायला आले होते, ते बाहेर पडताना मला म्हणाले, "आजारपणात माणूस जरा हुकूम सोडायला लागतो, नाही?" मी हो म्हटलं. समजावून काय सांगणार?

एक दिवस दादाने पाटीवर अक्षरं निवडली: तू बोल.

"काय बोलू?"

"मला," असं त्याने लिहिलं. आणि खाली, राहिलेले सगळे.

मी टाळाटाळ केली. माइक खराब झाला असेल म्हणालो, रविवारी बघू म्हणालो. त्याच्या तोंडात माझा आवाज घालायचा, हे मला सोसेना. मग हीच एकदा चिडली. "अहो, बोला ना एकदाचे! त्यांचं 'मला' तुमच्यापाशी अडकलंय."

मी दार लावून त्याच्या जागी बसलो आणि त्रेचाळीस शब्द बोललो. त्याने ऐकले.

"वा, छान," तो म्हणाला. मग, "कारकून."

मी पुन्हा बोललो. त्याने पुन्हा नाकारले. तिसऱ्या वेळी मी 'मला' म्हणताना टँकर गेला, पण तो आवाज त्याने ठेवून घेतला.

तेव्हापासून त्याच्या वाक्यांत मी होतो. मला पाणी. मला झोप. 'मला' माझं आणि पुढचं त्याचं. पहिल्या दिवसांत ही स्वयंपाकघरातून "काय हवंय तुम्हाला?" म्हणत यायची आणि मला पेपर वाचताना बघून परत जायची. नंतर तिला सवय झाली. मला झाली नाही.

नवी डिस्क शेवटपर्यंत एकदाही वाजली नाही. वाजायला लागलं ते बोट. म्हणजे थरथर वाढली, मग कमी झाली, मग एका दाबाला दहा-दहा मिनिटं लागू लागली. शब्द कमी होत गेले. दिवसाला पाच-सहा, मग दोन-तीन.

हिवाळ्यातली एक सकाळ होती. दूधवाला नुकताच गेला होता. खोलीतून आधी माझा आवाज आला आणि मग त्याचा.

"मला उतरव."

आम्ही दोघं गेलो. चादर धरली. त्याने डोळे मिटले.

"खुर्चीत नको?" मी विचारलं.

मिटले.

"डिस्कचं काही आहे का?"

मिटले.

मी आणखी काय विचारावं ते कळेना. हिने माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली, फरशीकडे नेली. तिच्या माहेरी तिच्या वडिलांना शेवटच्या घटकेला तसं खाली घेतलं होतं. दादाचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. आमच्या आईला पलंगावरून भुईवर घेतलं तेव्हा, "गार फरशीवर कशाला ठेवता तिला," म्हणून तो भांडला होता.

"खाली?" मी विचारलं. "जमिनीवर?"

डोळे वर गेले.

हिने सतरंजी अंथरली, तिच्यावर गोधडी घातली. आम्ही त्याला चादरीत धरून खाली आणलं. मान मी हनुवटीने सांभाळली. आडवं केल्यावर मी बटण त्याच्या बोटाखाली सरकवायला गेलो तर तार ताणली गेली. पलंगापर्यंत आणि खुर्चीपर्यंत मोजलेली तार. जमिनीला एक वीत कमी पडत होती.

"तार आहे घरात," मी म्हटलं. "जोडतो. पाच मिनिटं लागतील."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले.

"दादा, पाच मिनिटंच."

पुन्हा मिटले. लांब, टपलीसारखे.

मी बटण पलंगावर ठेवून दिलं आणि त्याच्याजवळ खाली बसलो. वर संगणक चालू होता. पट्टी ओळीवरून ओळीवर सरकत होती, आणि कुठेच थांबत नव्हती.